मैनेच्या मापाची ट्रॉली

भंडारा जिल्ह्यात धान न्यायला ट्रॉली मिळते, विटा न्यायला मिळते, वाळूसाठी तर मागाल तेवढ्या मिळतात. वरातीपुढे डीजे वाजवायचा असेल तर दुमजली घराएवढी गाडी दारात येऊन उभी राहते. पण त्याच वरातीतली घोडी न्यायला काहीही मिळत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, गेल्या दिवाळीनंतर निम्मा जिल्हा पालथा घालून सांगते आहे. ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांनी हे वाचावं आणि थोडं माझ्याबरोबर चिडावं, एवढीच अपेक्षा.

घोडी माझ्या धाकट्या भावाची. त्याचं नाव गुणवंता, तिचं मैना. भंडाऱ्यात आमच्या घरामागच्या गोठ्यात ती राहते आणि लग्नसराईत नवरदेवाला पाठीवर घेऊन नाचते. मी सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाले. निवृत्ती झाली तरी सगळा गाव मला सिस्टरच म्हणतो. त्यामुळे एखाद्या जिवाला एका जागेहून दुसऱ्या जागी कसं न्यावं याबद्दल माझी काही ठाम मतं आहेत.

आपल्याकडे घोडी कशी नेतात, पाहिलं आहे का? माल वाहायच्या टेम्पोत, उघड्या पत्र्यावर, गळ्याला दोर बांधून उभी करतात आणि ड्रायव्हर जणू कोबीची पोती न्यावीत तसा सुटतो. अशाच एका टेम्पोत मैना मागच्या हंगामात पडली. तिचे पुढचे दोन्ही गुडघे फुटले. तेव्हापासून टेम्पो दिसला की ती कान मागे टाकते आणि मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकते. मग गुणवंता तिला पायी नेऊ लागला. लाखनी, साकोली, हद्द ओलांडून गोंदियाच्या बाजूलासुद्धा. जिल्हा वेगळा झाला म्हणून सोयरिकी थोड्याच वेगळ्या झाल्या! पण डांबरावर चालून तिचे खूर झिजले. गुरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हाही हंगाम डांबरावर काढलात तर घोडी उभी राहायची नाही. गाडीत न्या, नाहीतर विकून टाका.

विकून टाका म्हणताच बाजारातला दलाल घर विचारत आला. गुणवंताने त्याला चहा पाजला, गोडीने वाटेला लावला आणि त्या दिवशी स्वतः जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "चल, जीप काढते." आमच्याकडे एक जुनी जीप आहे. ती मी चालवते. गुणवंताला घोडी चालवता येते, क्लच जमत नाही. जीपमागे जोडता येईल आणि जीपला ओढवेल अशी हलकी ट्रॉली शोधायची, एवढंच काम होतं. किती साधं वाटतं ना?

शहापूर

महामार्गाच्या दोन्ही अंगांना धानाची कापणी चालली होती. कुठे पेंढ्या बांधून ठेवलेल्या, कुठे यंत्राने एका दिवसात भुईसपाट केलेलं वावर. गुणवंताच्या मांडीवर एक दोरी होती. तिला त्याने मैनेच्या मापाच्या गाठी मारल्या होत्या: छातीपासून शेपटापर्यंत एक, खुरापासून कानापर्यंत एक. शहापूरला आलूबोंडा खाऊन आम्ही ट्रॉल्या बनवणाऱ्या एका मोठ्या दुकानात शिरलो.

मालकांनी आम्हाला एक ट्रॉली दाखवली आणि तिच्यावर हातोडा मारला. घण्ण आवाज झाला. "आयका," ते म्हणाले. "हे लोखंड आहे. हत्ती ठेवा आतमधी, वाकत नाही."

"हत्ती नाही, घोडी ठेवायची आहे," मी म्हटलं. "आणि ओढणार ही जीप आहे."

त्यांनी जीपकडे पाहिलं. "मंग ट्रॅक्टर घेऊन टाका ना बाई."

"घोडीसाठी ट्रॅक्टर?"

"त धानासाठी घेत नाही काय लोक?"

मला हलकी ट्रॉली हवी आहे, हे मी त्यांना तीन तऱ्हांनी समजावलं. त्यांना ते उमजेच ना. त्यांच्याकडे ट्रॉली तोलून विकतात. जितकी जड तितकी चांगली, तितकी गिऱ्हाइकाची छाती फुगते. कमी लोखंडाची ट्रॉली मागणारी बाई म्हणजे एक तर कंजूष किंवा वेडी. शेवटी ते गुणवंताला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, घरी पुरुष मानूस कोनी मोठा आहे काय? त्यायले पाठवा." माझ्या समोर, मला ऐकू जाईल अशा आवाजात. गुणवंता म्हणाला, "हेच मोठी आहे जी." मी जीपचं दार इतक्या जोरात लावलं की खिटी तुटली. पुढचे सगळे दिवस ते दार दोरीने बांधून मी फिरले.

तिथेच कुणीतरी सांगितलं की पलीकडे नागपूरच्या एका गृहस्थांचं फार्महाऊस आहे, घोड्यांचा शौक आहे, त्यांच्याकडे खास घोड्यांची गाडी आहे आणि ती त्यांना विकायची आहे. गेलो. गाडी खरंच देखणी होती. पांढरीशुभ्र, दोन घोड्यांची, आत पंखा, खाली रबराची जाड चटई, बाजूंना गाद्या. मी आत उभी राहिले आणि मला आमचा वॉर्ड आठवला. आमच्या पेशंटांनाही एवढ्या गाद्या नव्हत्या.

गृहस्थ हिंदीत बोलत होते. जीप पाहून हसले. "मॅडम, ये जीप इसको नहीं खींचेगी. ये जीप को खींच के ले जाएगा." तरी खात्री पटावी म्हणून त्यांनी माणसांकडून गाडी जोडून दाखवली. जीपचं मागचं अंग खाली बसलं आणि पुढची चाकं जमिनीला टेकून न टेकल्यासारखी झाली. मी स्टिअरिंग फिरवलं तर ते पिठात फिरावं तसं फिरलं. रिकामीच ही गत, तर मैना आत उभी राहिल्यावर काय? गाडीने जिवाला सुखरूप न्यायचं की वाटेत उलटवायचं?

"बारात की घोडी है ना?" ते म्हणाले. "उसको चला के ले जाइए. चलने के लिए ही तो होती है."

"मग तुमचे घोडे कशासाठी असतात?" मी विचारलं.

"वो रेस के हैं," ते शांतपणे म्हणाले.

म्हणजे जो पळण्यासाठीच पाळला त्याने गादीला टेकून जायचं, आणि जिने रात्रभर लोकांच्या आनंदासाठी नाचायचं तिने डांबर तुडवत घरी यायचं. हा न्याय मला कुणी तरी समजावून सांगावा. त्यांनी चहा विचारला. मी नको म्हटलं. चहाला नको म्हणण्याची माझी ही बहुधा पहिलीच वेळ असेल.

आंधळगाव

आंधळगावला गेलो ते एका ऐकीव बातमीवर. तिथले हिरामणजी तलावांना मासोळीचं बी पुरवतात, आणि पाण्याच्या टाक्या न्यायला त्यांनी एक हलकी ट्रॉली करून घेतली आहे, असं कळलं होतं. घरोघरी कोशाच्या रेशमाचे माग असलेल्या गल्लीतून जीप जाईना, म्हणून ती चौकात ठेवून पायी गेलो.

आमच्या शहरात पाहुणा आला की आधी काम विचारतात, मग चहा देतात. इथे उलटं. हिरामणजींच्या घरी ट्रॉलीचं नावही काढू दिलं नाही. आधी ओसरीवर बसवलं, मग लाखोळीच्या डाळीचे वडे आणि हिरव्या मिरच्यांचा ठेचा आला. वडे गरम, वरून कुरकुरीत, आतून मऊ. मी चिडलेली होते हे खरं, पण पाचवा वडा खाईपर्यंत चीड थोडी मागे पडली, हेही खरं.

मग ट्रॉली पाहिली. आणि मला ती एकदम आवडली. पाइपाची चौकट, ठेंगणं बूड, धक्के झेलणारे कमानपाटे मऊ. मी एका हाताने तिचा पुढचा दांडा उचलला. निवृत्त बाईला एका हाताने उचलता येणारी वस्तू जिल्ह्यात कुणीतरी बनवतं, हे पाहून मला भरून आलं.

गुणवंताने दोरी लावली. ट्रॉली दीड हात कमी पडली.

"मुंडकं बाहेर राहीन," गुणवंता म्हणाला.

"मंग काय होते?" हिरामणजी म्हणाले. "हवा खाईन ना. मानसं नाही काय खिडकीतून पाहत?"

"अहो, समोरून ट्रक आला तर?" मी म्हटलं.

"मंग आतमधी घेईन. जनावरं समजदार असतेत, सिस्टर."

दुसऱ्याचं जनावर फार समजदार असतं, हा मला या प्रवासात लागलेला शोध. मी काही बोलणार तेवढ्यात गुणवंताने विचारलं, "हे बनवली कोनं?"

"सानगडीच्या यादोरावनं. पन थो मानूस मनाचा राजा आहे. सांगाल त्याच्या वरतूनच देईन, कमी देनार नाही." हे त्यांनी इतक्या कौतुकाने सांगितलं की मला त्यातला धोका कळला नाही.

सानगडी

साकोली ओलांडून सानगडीच्या वाटेला लागलो की तलाव सुरू होतात. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, वावरं, वावरांपलीकडे झाडं. यादोरावांचं वेल्डिंगचं दुकान अशाच एका पाळीच्या उताराखाली होतं. माणूस आडव्या अंगाचा, आवाज मोठा, मिशा पांढऱ्या. मैनेचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ट्रॉलीचा नव्हता.

"पडली तवा कोनत्या अंगावर पडली?"

"उजव्या," गुणवंता म्हणाला.

"मंग उजवीकडे गादी जाड देतो."

संपूर्ण प्रवासात घोडीच्या दुखण्याबद्दल कुणी काही विचारलं ते एवढंच. मी तिथेच ठरवलं की ट्रॉली इथेच होणार.

बसून सगळं ठरवलं. पाइपाचीच चौकट, पण मैनेच्या लांबीची. खाली जाड प्लायवूड आणि त्यावर रबर. वर पत्रा नाही, ताडपत्री. बूड इतकं ठेंगणं की मागची फळी खाली पाडली की तिने चार पावलांत चढावं. चाकं मधोमध न ठेवता जरा मागे, म्हणजे जीपच्या मागच्या अंगावर बोजा येईल तो बेताचा. आणि ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक. निघताना मी तीनदा बजावलं, "यादोराव, हलकी. ट्रॉली आणि घोडी मिळून जीपपेक्षा जड व्हायला नको."

"समजलं ना सिस्टर," ते म्हणाले. "मी काय लहान आहो?"

पुन्हा सानगडी

सांगितलेल्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा ट्रॉली दुकानापुढे उभी होती. निळा रंग, दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगात घोडा काढलेला. यादोराव बाजूला उभे, नव्या सदऱ्यात. आसपासची मंडळीही जमली होती. मी दांडा उचलायला हात घातला. हलला नाही. दोन्ही हात घातले. तरी नाही.

मी वाकून खाली पाहिलं. प्लायवूडच्या खाली लोखंडी जाड चादर होती. वर ताडपत्री होती, पण ताडपत्रीच्या आत पत्राही होता. चौफेर अँगलची पट्टी.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आपल्याकडून," यादोराव म्हणाले. त्यांचा चेहरा सणाच्या दिवसासारखा झाला होता. "त्याचं काही घेनार नाही मी."

आता हे इकडचं वळण मला ठाऊक नव्हतं असं नाही. खळ्यावर धान मोजताना पायली भरली तरी वर एक ओंजळ टाकतातच. ती ओंजळ टाकली नाही तर देणाऱ्याची मान खाली जाते. आमच्या भंडाऱ्यातही भाजीवाली वरून कोथिंबीर टाकते. पण कोथिंबीर वेगळी आणि लोखंड वेगळं! यादोरावांनी माझ्या प्रेमापोटी, मैनेच्या काळजीपोटी, ट्रॉलीवर ओंजळ टाकली होती आणि ती ओंजळ चार माणसांना उचलत नव्हती.

मी भडकले. खोटं कशाला सांगू, चांगलीच भडकले. तीनदा सांगितलं होतं, काहून ऐकलं नाही, अशी मीही त्यांच्याच बोलीत आले. मंडळी माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मी देवाला शिवी दिली.

"मानूस फुकट देऊन राहिला," एक म्हातारे म्हणाले, "अन हे बाई भांडून राहिली."

"उद्या तळ फुटन, घोडीचा पाय आत जाईन, मंग?" यादोराव म्हणाले. त्यांचा आवाज आता मोठा नव्हता.

गुणवंता माझ्याजवळ आला. "ताई, राहू दे. चांगल्या मनानं केलं त्यायनं."

चांगल्या मनाने! चांगल्या मनाने केलेल्या गोष्टींनी मी दवाखान्यात माणसं दगावताना पाहिली आहेत. ताप उतरावा म्हणून तीन घोंगड्या पांघरलेली पोरं पाहिली आहेत. मी म्हटलं, "ठीक आहे. जोडा."

जोडली. मैनेच्या वजनाच्या जागी यादोरावांनी स्वतःच सिमेंटची पोती आत ठेवली, त्यांनाही सिद्ध करायचं होतं. मी जीप चालू केली आणि पाळीचा चढ घेतला. अर्ध्यावर जीप थांबली. क्लचचा जळका वास आला. मग आम्ही मागे येऊ लागलो, सरळ नाही, तिरपे, पाळीखालच्या कालव्याच्या बाजूला. मंडळी ओरडली. मी ब्रेकवर उभी राहिले तरी जीप सरकतच होती. यादोरावांनी धावत येऊन चाकामागे दगड लावला, दुसरा लावला, आणि मग जीप थांबली. चाकाखालचे खडे घरंगळत पाण्यात पडत होते.

  यादोराव काही वेळ त्या दगडांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "खाली घ्या. कापतो."

दुपारभर त्यांनी आपणच लावलेलं लोखंड कापून काढलं. मला त्यांचा राग अजून होता आणि त्यांची दयाही येत होती. दोन्ही एकदम आले की बाईमाणसाने काय करावं ते कुणी शिकवलेलं नाही. जेवायला नव्या तांदळाचा भात आणि तलावाच्या मासोळीचा रस्सा होता. यादोरावांच्या बायकोने मी हात आडवा धरला असतानाही वर भाताचा एक ढीग ओतला. त्या दिवशी मी तिला नको म्हणण्याची हिंमत केली नाही, मुकाट खाल्लं.

निघताना मी त्यांना म्हटलं, "ते लोखंड तुम्ही दुसऱ्या कामाला घ्या."

"देल्लेलं मी वापस घेत नाही," ते म्हणाले. "तुमच्याच नावानं ठेवलं आहे तिथं." ते अजूनही तिथेच आहे म्हणतात.

रिकामी ट्रॉली मागे घेऊन आम्ही परतलो. पाळ चढताना जीपने हूं की चूं केलं नाही.

भंडारा

ट्रॉली दारात आली हे गल्लीला कळायला वेळ लागला नाही. सकाळी मैनेला बाहेर काढलं तेव्हा निम्मी गल्ली हजर. प्रत्येकाकडे एक सल्ला. कुणी म्हणे डोळे बांधा, कुणी म्हणे मागून दोर लावून ओढा, कुणी म्हणे एक चाबूक पुरे. ज्यांनी आयुष्यात बकरी हाकलली नाही ते घोडीचे जाणकार झाले होते.

मैना मागच्या फळीपाशी आली, खाली वाकून हुंगलं, आणि थांबली. तिच्या मानेची कातडी थरथरत होती. गुणवंताने दोर सैल सोडला. ती मागे सरली. पुन्हा आणली, पुन्हा मागे सरली. शेवटी भिंतीला टेकली. मागून एकाने तिच्या पुठ्ठ्यावर काठी टेकवली आणि तिथे माझा तोल सुटला. मी त्याच्या हातातली काठी घेतली, नाल्यात फेकली आणि सगळ्यांना सांगितलं की तुमची स्वतःची घरं आहेत, तिथे जा. "सिस्टर बिघडली बापा," कुणीतरी म्हणालं. पण गेले. गल्ली रिकामी झाली.

मग गुणवंता दोर सोडून एकटाच आत चढला. पुढच्या टोकाला गेला आणि तिच्याकडे पाठ करून, आडव्या पाइपावर हात ठेवून उभा राहिला. तिला बोलावलंही नाही. मैनेने बराच वेळ त्याच्या पाठीकडे पाहिलं. एक पाऊल फळीवर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. प्लायवूडवरच्या रबराने आवाज केला नाही. मग ती चढली आणि आपलं तोंड तिने त्याच्या खांद्यावर टेकवलं.

मी फळी वर केली, खिट्या लावल्या. "आता ये बाहेर," मी म्हटलं. "हळू एक फेरी मारून पाहू."

"मी इथंच राहतो, ताई."

"ट्रॉलीत माणूस बसवायचा नसतो. आणि तुझं वजन मी धरलेलं नाही."

 मैनेचा श्वास मला बाहेर ऐकू येत होता.

"टेम्पोत हे पडली ना," तो आतून म्हणाला, "तं मले समजलंच नाही. मी समोर डायवरजवळ बसून शेंगा खाऊन राहिलो होतो. गाना चालू होता. हे मागं उठाले पाहून राहिली असन, पुना पडून राहिली असन. अन मी गाना आयकत होतो, ताई."

मी जीपमध्ये बसले, दाराची दोरी बांधली आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. महामार्ग लागला तरी बदलला नाही. मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. वाजवू दिले.